जोडपेटी

तिची माझी ओळख एका तुटक्या वायरीमुळे झाली.

कर्वे रस्त्याजवळच्या एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून एका रविवारी काही लोक आपापली छोटी सिंथेसायझर यंत्रं घेऊन जमायचे. ही यंत्रं म्हणजे जेवणाच्या डब्याएवढ्या पेट्या. वर फिरवायची बटणं आणि त्यांच्याखाली वायरी खुपसायची भोकं. वीतभर वायर एका भोकातून दुसऱ्यात घातली की आवाज बदलतो, आणि वायर काढली की तो आवाज गेला. पुन्हा तसाच मिळेल याची खात्री नाही. मला हे फार आवडायचं. मी शिरवळच्या बाजूला एका कारखान्यात सर्किट बोर्ड तपासायचं काम करते. तिथं दिवसभर सगळं जसंच्या तसं यावं लागतं. रविवारी तसं यायची सक्ती नसे.

त्या घोळक्यात बहुतेक वेळा मी एकटीच बाई. एका रविवारी दुसरी आली. माझ्याच वयाची, चाळिशीच्या अलीकडची. तिनं पेटी टेबलावर ठेवली, वायरी लावल्या आणि काहीच वाजेना.

"ही जर्मनीहून निघाली तेव्हा बोलत होती," ती कोणाकडेही न बघता म्हणाली. "पुण्यात आल्यावर मौन धरलंय. इथल्या लोकांचं ऐकून घाबरली असेल."

मी तिच्या वायरी एकेक करून हातात घेतल्या. एक आतून तुटली होती. मी माझी निळी वायर दिली. पेटी वाजली. आम्ही खाली जाऊन चहा प्यायलो, आणि निघताना तिनं मला घरचा पत्ता सांगितला.

ती नारायण पेठेतली. तिथंच जन्मलेली, तिथंच वाढलेली. एका शाळेत संगीत शिकवायची. लहानपणापासून हार्मोनियम शिकलेली, आणि कान असा की डोक्यावरचा पंखा कोणत्या स्वरात फिरतोय ते सांगायची. मी नागपूरची. शिकायला म्हणून पुण्यात आले आणि राहिले. कात्रजला एका खोलीचं घर घेतलं. इथं इतकी वर्षं काढूनही नारायण पेठेत कोणाच्या घरी आत जाऊन बसायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

रविवारी दुपारी मी पेटी पिशवीत घालून निघायचे, स्वारगेटला बस बदलायचे आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी पोचायचे. दार तिचे वडील उघडायचे. "या. आज काय बिघडवायचा विचार आहे?" असं विचारून ते पेपर वाचायला परत जायचे. घरात त्या दोघांशिवाय कोणी नव्हतं.

आमची अडचण अशी होती की तिची पेटी आणि माझी पेटी एकमेकींचं ऐकायच्या नाहीत. दोन्ही वेगवेगळ्या देशांत बनलेल्या. माझी जपानी, जुन्या पद्धतीची. तिच्या पेटीत एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर जातो. माझ्या पेटीत सप्तक वर जायला व्होल्ट दुप्पट करावा लागतो. त्यामुळे तिच्या पेटीच्या हार्मोनियमसारख्या छोट्या पट्ट्यांवरून माझी पेटी वाजवली की षड्ज जुळायचा आणि पुढे गेलं की सगळं बेसूर. तालाचंही तसंच. तिची पेटी ज्या वेगानं टिकटिक पाठवायची त्याच्या दुप्पट वेगानं माझी धावायची. आणि दोन्हींना वीज वेगवेगळ्या अडॅप्टरमधून दिल्यामुळे मागे सतत एक घूं असा आवाज.

"सासू-सुना बऱ्या," ती म्हणाली.

मी म्हटलं, मधे एक पेटी करते.

बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून मी सुटे भाग आणले. अॅल्युमिनियमची एक रिकामी डबी घेतली. मी सर्किट जोडायचे, ती ऐकायची. "अजून खाली. थोडं. आता वर गेलीस." स्क्रू केसभर फिरवून मी थांबायचे, ती मान हलवायची किंवा नाही हलवायची. माझ्याकडे मीटर होता, पण शेवटचा शब्द तिच्या कानाचा असायचा, आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. उलट बरं वाटायचं. कारखान्यात माझ्या कामाकडे कोणी इतकं लक्ष देऊन बघत नव्हतं.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. डबीनं हळूहळू दोन्ही यंत्रांना एका चालीवर आणलं. घूं गेला. सप्तक जुळलं. डबीवरच्या भोकांजवळ मी कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या चिकटवून पेननं लिहिलं: 'इकडून', 'तिकडे', 'स्वर', 'ताल'. तिनं नाव ठेवलं जोडपेटी.

जोडपेटीत मी आणखी एक बटण बसवलं. त्याच्याखाली 'उशीर' असं लिहिलं. त्याची गोष्ट सांगायला हवी.

माझी आई ढोलकी वाजवते. आमच्या वस्तीतल्या विहारात बायकांचं भजनी मंडळ आहे. जयंतीच्या आधी महिनाभर रोज संध्याकाळी त्या भीमगीतं बसवतात. पूर्वी ढोलकीवर एक गृहस्थ बसायचे. ते गाव सोडून गेले तेव्हा आईनं ढोलकी मांडीवर ओढली. ती तेव्हा लाकूड कापायच्या आरामशीनवर कामाला जायची, आणि तिथं एकदा फळीखाली सापडून तिच्या डाव्या हाताचं मधलं बोट मोडलं. ते वाकडंच बसलं. तेव्हापासून तिचा डावा हात एका ठोक्याला किंचित मागे पडतो. चूक म्हणावी इतका नाही. पण बायका त्या उशिराला धरून गायला शिकल्या. एकदा आई तापानं पडली आणि दुसऱ्या कोणी ढोलकी वाजवली, तर कोणालाच गाणं उचलता येईना.

तो उशीर मी बटणात बसवला. चौथा ठोका थोडा अडवून धरायचा आणि मग सोडायचा. किती अडवायचा ते मला मीटरशिवाय कळत होतं.

पहिल्यांदा वाजवलं तेव्हा ती डोळे मिटून बसली होती.

"हे कुठून आणलंस?"

मी सगळं सांगितलं. विहार, मंडळ, आरामशीन, बोट. तिनं तिथल्या तिथं मला आईला फोन लावायला सांगितलं. आईनं फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि वाजवून दाखवलं. छोट्या पडद्यावर आईचे हात आणि पदराचा काठ तेवढा दिसत होता.

"काकू, तुमच्या हाताची लय फार वेगळी आहे," ती म्हणाली.

"हात कुठचा बाई, बोट वाकडं हाय," आई म्हणाली आणि हसली.

नंतर तिनं हार्मोनियम काढला आणि त्या ठेक्यावर एक सुरावट बसवली. खरंच चांगली होती. ती सुरावट तिचीच, हे मी आजही नाकारत नाही. त्या दिवशी तिचे वडील पेपर बाजूला ठेवून दारात येऊन उभे राहिले होते. "हे बरं आहे," एवढंच म्हणाले. त्या घरात याहून मोठी शाबासकी नसते, असं ती मला नंतर म्हणाली.

कॅफेतल्या लोकांपैकी कोणीतरी आमचं नाव एका कार्यक्रमासाठी सुचवलं. नव्या तऱ्हेच्या संगीताची एक संध्याकाळ, खरं सभागृह, तिकीट काढून येणारे लोक. बोलणी तिच्याकडून चालू होती. शनिवार ठरला. मी कारखान्यात रजा टाकली. आईला सांगितलं. आईनं मंडळाला सांगितलं.

आदल्या रविवारी निघताना ती म्हणाली, "पेट्या इथंच ठेव ना. मला आठवडाभर हात बसवता येईल. तू रोज कुठं येणार कात्रजहून?"

मी माझी पेटी ठेवली. जोडपेटीही ठेवली. पिशवी रिकामी घेऊन बसमध्ये बसले तेव्हा जरा चुकल्यासारखं वाटलं, पण ते हाताला रिकामं राहायची सवय नव्हती म्हणून.

गुरुवारी तिचा फोन आला. "अगं, हॉलचा काहीतरी घोळ झालाय. प्रोग्रॅम पुढे ढकललाय त्यांनी. डेट कळवतील."

"असू दे," मी म्हटलं. "तेवढीच जास्त तयारी." तिचा आवाज पडलेला वाटला म्हणून मी तिची समजूतही काढली. म्हटलं, पुण्यात सभागृह मिळणं म्हणजे मुलीला स्थळ मिळण्यासारखं आहे, वेळ लागतोच. ती हसली नाही. मला वाटलं, फारच मनाला लावून घेतलंय.

रजा मी रद्द केली आणि शनिवारी कामावर गेले. आईला कळवायचं राहून गेलं.

रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. आईचा फोन आला.

"पाहिला बाई तुमचा कार्यक्रम."

"कोणता?"

"कालचा. ताईच्या पोरीनं मोबाईलवर पाठवला. मंडळाच्या साऱ्या बायकांले दाखवला मी. सुरू झाला न, तशीच म्हणलं, हा तर माया हात होय. साऱ्याजणींनं ओळखला." ती थांबली. "तू नाही दिसली पण. तू कुठी होती?"

ओला कपडा माझ्या हातातच होता. पाणी पायावर ठिबकत होतं.

"मागे होते आई," मी म्हटलं. "वायरी बघत."

"हो, थे काम बी कोनं तरी करा लागते," आई म्हणाली. तिचा आवाज समाधानी होता. "तुया मैत्रिणीले सांग, छान वाजवलं म्हणा."

भाचीकडून मी तो व्हिडिओ मागवला. मैत्रीण काळ्या साडीत बसली होती. डाव्या हाताला माझी पेटी, उजवीकडे तिची, मधे जोडपेटी. वायरी मी लावते तशाच लावल्या होत्या. माझी निळी वायरसुद्धा. सगळं बघून झाल्यावर मी परत मागे नेलं आणि जोडपेटी मोठी करून पाहिली. पांढऱ्या पट्ट्या दिसत नव्हत्या. त्यांच्यावर काळी टेप लावलेली होती. नाव घ्यायचं राहून गेलं, घाईत विसरले, असं ती म्हणू शकली असती आणि मी मानलंही असतं. काळी टेप विसरून लागत नाही.

वाजवून झाल्यावर ती माइकवर बोलली. "विदर्भात फिरताना एका खेड्यातल्या बायकांकडून हा ठेका मला मिळाला. पिढ्यान्‌पिढ्या त्या तो वाजवत आल्या आहेत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती विदर्भात कधी गेलेली नव्हती. उन्हाला भिते म्हणायची. मग कोणीतरी मधल्या डबीबद्दल विचारलं. ती म्हणाली, "सर्किटचं काम ओळखीची एक मुलगी करून देते."

ते वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकलं. ओळखीची एक मुलगी. घरी भांड्यांना येणाऱ्या बाईबद्दल तिच्या वडिलांनी यापेक्षा जास्त माहिती सांगितली असती.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून सुटल्यावर मी घरी गेले नाही. तडक नारायण पेठेत गेले. दार वडिलांनी उघडलं.

"या. आपण कार्यक्रमाला दिसला नाहीत," ते म्हणाले. "मी गेलो होतो. खुर्च्या बऱ्या होत्या." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी चष्मा काढला. "बरं नाही का?"

"बरी आहे. ती आहे का?"

ती आतल्या खोलीत वह्या तपासत होती. मला पाहून उठली आणि पहिला शब्द बोलली तो, "चहा टाकते."

"नको. पेट्या द्या माझ्या." रागात मी तिला अहोजाहो करते आहे हे मला बोलल्यावर कळलं.

ती पुन्हा बसली. खोटं बोलायचा प्रयत्न तिनं केला नाही, एवढं खरं. "त्यांना सोलो हवं होतं," ती म्हणाली. "दोघी आहोत म्हटलं तर ते म्हणाले स्लॉट एकाचाच आहे. मी काय करणार होते? असा चान्स परत येत नाही."

"मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू पेटी दिली नसतीस."

"दिली असती."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं तो एकच क्षण असा होता की तिला काहीतरी समजलं. मी खरंच दिली असती. वाईट वाटून का होईना, वायरी कशा लावायच्या ते कागदावर काढून दिलं असतं, आणि सभागृहात मागच्या रांगेत बसून ऐकलं असतं.

"आणि तो ठेका?" मी विचारलं. "खेड्यातल्या बायका? पिढ्यान्‌पिढ्या?"

"अगं, लोकसंगीतच आहे ना ते एका अर्थी. लोकांना कॉन्टेक्स्ट लागतो काहीतरी. विहार, भीमगीतं, हे सगळं सांगत बसले असते तर संगीत बाजूला राहिलं असतं आणि चर्चा भलत्याच गोष्टीची झाली असती. तुला माहितीये इथले लोक कसे आहेत."

"मला माहितीये," मी म्हटलं. "तू तशी नाहीस असं वाटत होतं."

"हे तू उगाच तिकडे नेतेयस."

"तू आईशी बोललीस. याच खोलीतून. तिनं तुला बोट दाखवलं."

ती वहीची कडा नखानं दुमडत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "सुरावट तर माझी होती," आणि हे ती मला सांगत होती की स्वतःला, ते कळलं नाही.

पेट्या कपाटावर होत्या. मीच उतरवल्या. जोडपेटीवरची काळी टेप मी तिच्यासमोर काढायला लागले तर ती म्हणाली, "राहू दे, मी काढून देते," आणि हात पुढे केला. मी दिली नाही. टेपबरोबर पांढऱ्या पट्ट्याही निघून आल्या. अक्षरं फाटली.

बाहेरच्या खोलीत वडील उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार, घर तेवढंच आहे. त्यांनी दार उघडून धरलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना काही खोचक बोलायला सुचलं नाही. "सावकाश जा," म्हणाले.

कॅफेत मी नंतर एकदाच गेले. तिथल्या एकानं विचारलं, "तू सर्किट करून देतेस ना? मलाही एक बॉक्स हवा होता." मी नाही म्हटलं. त्याचा दोष नव्हता. त्याच्याकडूनच मला समजलं की तिनं परदेशातून एक तयार यंत्र मागवलंय. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं जोडणारं, माझ्या जोडपेटीपेक्षा लहान आणि दिसायला देखणं. चांगलं चालतं म्हणाला. आम्ही महिनोन्‌महिने जे करत बसलो ते बाजारात मिळत होतं. तिला हे कधीपासून माहीत होतं, कोण जाणे. तिचे कार्यक्रम होतात. जाहिराती दिसतात. तो ठेका ती अजून वाजवते का, ते मी शोधत नाही.

तिचे एकदोन निरोप आले. 'भेटूया का', एवढेच. शेवटचा आला तेव्हा मी बसमध्ये होते. वाचला आणि खिडकीतून बाहेर पाहत बसले.

आईला मात्र मी सांगितलं नव्हतं. ती दर फोनवर विचारायची, मैत्रीण कशी आहे, पुढचा कार्यक्रम कधी, तिला एकदा घेऊन ये. मी काहीबाही सांगायचे. एका खोटेपणाची शिक्षा म्हणून आपणच खोटं बोलत राहायचं, हे मला फार जड व्हायला लागलं. मार्चमध्ये नागपूरला गेले तेव्हा पहिल्याच दुपारी, आई गहू निवडत होती, तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. माइकवर ती काय बोलली तेही सांगितलं.

आईचा हात थांबला नाही. खडे वेगळे होत राहिले. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे तू तिथी नव्हतीच?"

"नव्हते."

"मले मागे होती म्हणाली."

"हो."

तिनं गहू बाजूला सारले. मला वाटलं, तिला ठेक्याचं वाईट वाटलं असेल. पण ती म्हणाली, "मी साऱ्या वस्तीले दाखवलं न बाई. म्हणलं, माया पोरीचा कार्यक्रम होय. पोरगी मागे हाय, दिसत नाही म्हणलं." मग तिनं मोबाईल माझ्या हातात दिला. "काढून टाक. मले येत नाही."

मी व्हिडिओ काढून टाकला.

त्या संध्याकाळी विहारात मंडळाच्या बायका जमल्या. मला पाहून सगळ्या खूष झाल्या. एकीनं पाठीवरून हात फिरवला. पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "पोरगी आली त दाखव न थे गाणं परत. तिच्यासमोरच पाहू."

मी आईकडे पाहिलं. ती ढोलकीच्या दोऱ्या ओढत होती. वर न बघता म्हणाली, "मोबाईल बिघडला."

"पोरगी इंजिनेर हाय न तुमची. करून देईन."

"नाही होत म्हणते," आई म्हणाली, आणि पहिल्या गाण्याचं नाव घेतलं.